स्प्रिंगला आवरणारा घरगुती शिकंजा

खानापूर तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आमच्यासमोर आहे. ओढ्याच्या काठी त्यांचे पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आहे. वीज असली की पंप विजेवर चालतो, ती गेली की इंजिनावर. आणि उन्हाळ्यात भाजीपाल्याच्या वाफ्यांना विजेची वाट पाहत बसण्याइतकी सवड नसते. इंजिनाचे हेड उघडून झडपा साफ करण्याचे काम त्यांचे दोघे मुलगे घरीच करतात. त्यांची रीत अशी : हेड फळीवर ठेवावयाचे, स्प्रिंगच्या टोपीवर नळाचा तुकडा उभा धरावयाचा आणि त्यावर हातोडीचा एक ठोसा द्यावयाचा. टोपी सुटली की काम झाले. मुलांचे वडील म्हणतात की, आमच्या बाबांनी तीस वर्षे हेच केले. मागच्या खेपेस मात्र एक बारीक लोखंडी तुकडा उडून गोठ्याच्या पत्र्यावर आदळला, आणि तेव्हापासून या माऊलीचा जीव थाऱ्यावर नाही. पत्र्याच्या जागी कोणाचा डोळा असता तर, असे त्या विचारतात. आणि गरिबास परवडेल असे काही हत्यार यावर आहे काय, अशीही पृच्छा करतात.

असे हत्यार आहे, आणि ते घरी करता येते. चूल, गोठा आणि विहीर यांच्याभोवती फिरणाऱ्या या सदरात लोखंडकामाने बरीच जागा व्यापलेली पाहून काही वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्या घरात इंजिन आहे त्या घरात ते गोठ्यातील जनावरासारखेच सांभाळावे लागते, आणि डोळा तर प्रत्येक घरातला सारखाच मोलाचा.

प्रथम त्या टोपीखाली काय दडलेले आहे ते पाहू. फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक झडप एकदा उघडते व एकदा मिटते. मिनिटास १५०० फेऱ्या करणाऱ्या इंजिनात म्हणजे मिनिटास ७५० वेळा, तासास ४५,००० वेळा. जुन्या लिस्टर पद्धतीची ६५० फेऱ्यांची संथ इंजिने काही ठिकाणी अजून पाहावयास मिळतात. त्यांतही हा आकडा मिनिटास ३२५ भरतो. उघडण्याचे काम वरचा रॉकर करतो. मिटविण्याचे काम मात्र एकट्या स्प्रिंगवर असते. ती ढिली पडली, किंवा झडपेच्या बैठकीवर काजळी धरली, की दाब निसटू लागतो, इंजिन धूर ओकते आणि पहाटे हँडल मारणाऱ्याची दमछाक होते. अशा वेळी हेड उतरवून झडपा काढणे, त्या घासून बैठकीशी पुन्हा जमविणे आणि स्प्रिंग तपासणे याखेरीज उपाय नाही.

झडपेचा दांडा स्प्रिंगच्या पोकळीतून वर येतो. त्याच्या टोकाजवळ सभोवार एक खाच असते. स्प्रिंगच्या माथ्यावर एक पोलादी टोपी बसते आणि तिच्या मधले भोक वर रुंद, खाली निमुळते असते. या भोकात, दांड्याच्या दोन्ही अंगांना, दोन अर्धगोल पाचरी बसतात. कारागीर त्यांस ‘लॉक’ म्हणतात. स्प्रिंग टोपीला वर रेटते, टोपी पाचरींना आवळते आणि पाचरी दांड्याच्या खाचेत घट्ट रुततात. खिळा नाही, बोल्ट नाही. स्प्रिंगचा जोरच तिला जागच्या जागी बांधून ठेवतो. ज्याने ही योजना प्रथम केली त्याच्या बुद्धीचे आम्हांस कौतुक वाटते. परंतु त्याच कारणाने पाचरी काढावयाच्या म्हणजे आधी स्प्रिंगला दाबून धरणे भाग पडते.

हा जोर किती? इंजिनागणिक तो निराळा, म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, मोकळी असताना ५० मि.मी. उंच असलेली स्प्रिंग हेडावर बसविल्यावर ४० मि.मी. राहते, आणि तिला एक मि.मी. दाबावयास दोन किलो वजन लागते. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने १६७८ साली प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार स्प्रिंग जितकी दाबावी तितक्याच प्रमाणात तिचा जोर वाढतो. तेव्हा बसलेल्या स्थितीतच ती २० किलोंचा रेटा देत असते. पाचरी सुटाव्यात म्हणून आणखी ८ मि.मी. दाबली की ३६ किलोंचा. ही सर्व शक्ती एकाएकी मोकळी होऊन ५० ग्रॅम वजनाच्या टोपीलाच मिळाली, तर हिशेबाने टोपी साडेसहा मीटर उंच जाईल. प्रत्यक्षात काही शक्ती स्प्रिंग स्वतःच्या हालचालीत खर्च करते, म्हणून टोपी इतकी वर जात नाही. पाचर मात्र टोपीहून पुष्कळच हलकी असते आणि तिची कडही धारदार असते. गोठ्याचा पत्रा वाजला तो उगीच नव्हे.

आता त्या वडिलांच्या बाजूने दोन शब्द सांगणे न्यायाचे आहे. नळ आणि हातोडीची रीत अगदीच अडाणी नाही. ठोसा बसताच टोपी क्षणभर खाली जाते आणि पाचरी सुट्या होतात. कित्येक अनुभवी मिस्त्री नळाच्या आत लोहचुंबक बसवून उडालेल्या पाचरी आतल्या आत पकडतात. परंतु ठोसा किंचित वाकडा बसला की तो दांड्याच्या टोकावर पडतो, टोकाला बारीक कंगोरा येतो, आणि तोच दांडा गाईडमधून ओढून काढताना आतली गुळगुळीत नळी खरवडली जाते. तेलाचा धूर मग कायमचा पाठीस लागतो. दुसरे असे की, हातोडीने पाचरी काढता येतात, बसविता येत नाहीत. बसविताना दोघांनी मिळून टोपी पान्यांनी दाबून धरावयाची आणि तिसऱ्याने, तोंड अगदी जवळ नेऊन, त्या इवल्याशा पाचरी खाचेत सरकवावयाच्या. आमच्या मते खरा धोका काढताना नसून या वेळी असतो, कारण सर्वांचे डोळे तेव्हा हातभर अंतरावर असतात आणि स्प्रिंगचा सारा जोर दमलेल्या मनगटांवर तोललेला असतो.

आटे असलेल्या शिकंज्याचा गुण येथेच कळून येतो. १२ मि.मी. जाडीच्या साध्या बोल्टाला एक पूर्ण फेरी दिली की तो १.७५ मि.मी. पुढे सरकतो. आमच्या उदाहरणातील ८ मि.मी. अंतरासाठी साडेचार फेऱ्या पुरतात. बारा सेंटिमीटर लांब मूठ असेल तर एका फेरीत हात सुमारे ७५ सें.मी. फिरतो, आणि त्या मोबदल्यात लोखंड पावणेदोन मि.मी. सरकते, यातला बराच मोठा भाग घर्षणात वाया जातो, तरीही चौदा वर्षांचा मुलगा सहज फिरवील इतके ते हलके काम आहे. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे आट्यांची चढण अवघी तीन अंशांची असते. एवढ्या उतरणीच्या फळीवर ठेवलेला लोखंडी ठोकळा आपण होऊन घसरत नाही, तसाच दाबलेला बोल्टही आपण होऊन उलटा फिरत नाही. मूठ सोडून देऊन खुशाल हात पुसावेत, चिमटा शोधावा, दाराशी कोणी हाक मारली तर उठून जावे. स्प्रिंग आहे तेथेच राहते. तरफेच्या दांड्याने दाबण्याच्या रीतीही आहेत आणि त्या झटपट होतात, पण हात निसटला की तरफ दगा देते. घरच्या कामासाठी आम्ही आट्यांचीच शिफारस करू.

बाजारात तयार शिकंजे मिळतात, हे आम्ही दडवून ठेवीत नाही. पुष्कळदा ते मोटारींच्या मापाचे असतात आणि शेतातल्या एकसिलिंडरी इंजिनाच्या टोपीवर त्यांची वाटी नीट बसत नाही. शिवाय आपला प्रांत हत्यारे घडविणाऱ्यांचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला. त्याच घराण्याच्या उद्योगातून १९४६ साली पुण्यास तेलइंजिनांची कंपनी उभी राहिली. त्या शहराच्या शेजारी राहणाऱ्यांनी दोन पट्ट्या आणि एक नळ जोडण्यास कचरू नये.

शिकंज्याचा आकार तीन बाजूंच्या चौकटीचा. चौथी बाजू उघडी. वरच्या हातास खाली तोंड केलेली वाटी, ती टोपीवर बसते. खालच्या हातास बोल्ट, तो झडपेच्या तळव्यास खालून टेकतो. बोल्ट फिरविला की झडप आपल्या बैठकीवर घट्ट धरली जाते आणि वाटी टोपीला खाली ओढते. या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या पाहिजेत, एरवी झडपच उघडेल आणि पाचरी जेथल्या तेथे राहतील.

मापे आपल्या हेडावरून घ्यावीत. आम्ही देतो ती केवळ नमुन्यादाखल. हेडाच्या कडेपासून दूरच्या झडपेच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजून त्यात १५ मि.मी. मिळवावेत : ही चौकटीची खोली. हेडाच्या खालच्या पृष्ठापासून टोपीपर्यंतची उंची, अधिक वाटीची उंची, अधिक २५ मि.मी. : हा तिचा जबडा. मध्ये एखादा स्टड किंवा रॉकरचा खांब आड येतो की काय, ते जाड पुठ्ठ्याची चौकट कापून आधीच पाहावे. पुठ्ठा वाया गेला तर कोणाचे काही जात नाही.

चौकटीसाठी ३२ मि.मी. रुंद व १० मि.मी. जाड पोलादी पट्टी घ्यावी आणि ती उभी ठेवून जोडावी, म्हणजे दाब तिच्या रुंदीच्या दिशेने यावा. घराच्या तुळया आडव्या न घालता उभ्या का घालतात, हे सुतारास विचारावे. तीच पट्टी आडवी घातली तर उभीच्या दहापट लवेल. कोपऱ्यांत त्रिकोणी तुकडे जोडल्यास चौकट अधिक निर्धास्त होते. कोणाजवळ जुना सुतारी शिकंजा पडलेला असेल, तर त्यालाच वाटी जोडावी असे मनात येईल. तो पोलादाचा असेल तर अवश्य जोडावी. परंतु स्वस्त शिकंजे बहुधा बीडाचे असतात. बीड दाब उत्तम सोसते, म्हणून तर इंजिनाचे हेड त्याचे करतात; ताण मात्र ते सोशीत नाही, आणि तुटते तेव्हा आधी न वाकता एकदम तुटते. त्यावर वेल्डिंगही भरवशाचे बसत नाही. बीडाचा शिकंजा सुताराकडेच राहू द्यावा.

वाटी नळाच्या तुकड्याची करावयाची. तिची कड टोपीच्या सपाट कडेवर बसली पाहिजे, आणि आतली पोकळी पाचरींच्या भोकाहून बरीच मोठी हवी. टोपी ३० मि.मी. व्यासाची असेल तर पाऊण इंची पाण्याचा नळ योग्य. नळांची नावे आणि मापे जुळत नाहीत, हे नवख्यांनी ध्यानात ठेवावे : पाऊण इंची म्हणविणारा नळ बाहेरून सुमारे २७ मि.मी. भरतो आणि एक इंची म्हणविणारा सुमारे ३४. नळाचा ४० मि.मी. लांबीचा तुकडा कापून त्याची दोन्ही तोंडे गुण्या लावून कानशीने सरळ करावीत. तोंड तिरपे राहिले तर टोपी तिरपी दाबली जाते आणि एक पाचर निघते, दुसरी अडकते. मग समोरासमोर दोन खिडक्या कापाव्यात, प्रत्येक १८ मि.मी. रुंद व २५ मि.मी. उंच, पण खालचे ५ मि.मी. कडे अखंड ठेवावे. आधी कोपऱ्यांवर छिद्रे पाडून मग हॅकसॉ ब्लेडने व कानशीने काम संपवावे. ही खिडकी म्हणजे हत्याराचा जीव आहे. तिच्यातून चिमटा जातो, आणि तिच्यातूनच आत काय चालले आहे ते दिसते. तिच्या कडा बोटाने चाचपून पाहाव्यात व कानशीने मऊ कराव्यात.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. पाण्याच्या पांढऱ्या नळावर जस्ताचा थर असतो. त्यावर तसेच वेल्डिंग केले तर जस्ताचा धूर पोटात जातो आणि संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. जाणता वेल्डर हे ओळखतो. नवशिका मलेरिया समजून बसतो. जोडाच्या भोवतीचा दोन-तीन सेंटिमीटर भाग घासून जस्त काढून टाकावे आणि काम उघड्यावर करावे, नाहीतर काळाच नळ आणावा. आणि ज्याच्या हाती वेल्डिंगची कला नाही त्याने सर्व तुकडे तयार करून गावातल्या दारे-खिडक्या करणाऱ्या वेल्डरकडे न्यावेत. तास-अर्ध्या तासाचे काम आहे.

खालच्या हाताच्या टोकास भोक पाडून त्यावर १२ मि.मी. बोल्टाचे दोन नट एकावर एक ठेवून जोडावेत, म्हणजे आट्यांना पकड भरपूर मिळते. जोडताना बोल्ट नटांतच घालून ठेवावा. एरवी दोन नटांचे आटे जुळणार नाहीत. बोल्ट आणि वाटी एका रेषेत आली पाहिजेत. यासाठी आधी दोन्ही जागी केवळ ठिपका-ठिपका वेल्डिंग करावे, बोल्ट वर फिरवीत नेऊन त्याचे टोक वाटीच्या अगदी मध्यावर येते का ते पाहावे, आणि तसे आले म्हणजेच पक्का जोड द्यावा. बोल्टाच्या टोकावर पितळेची एक जाड चकती बसवावी. तिच्या पोटात बोल्टाचे गोल केलेले टोक फिरू शकेल असा खळगा असावा. पितळ झडपेच्या तळव्यावर ओरखडा उठू देत नाही. बोल्टाच्या माथ्यास आडवी सळई जोडली की मूठ झाली. आट्यांना ग्रीस लावावे.

वापरण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. जबड्यात लाकडाचा ठोकळा धरून, स्प्रिंगला लागेल त्याहून पुष्कळ अधिक जोराने शिकंजा आवळावा आणि तसाच अर्धा तास ठेवावा. मग जोडांजवळ बारीक चीर दिसते का ते उजेडात पाहावे. चीर दिसली तर वेल्डरकडे परत.

काम सुरू करताना डोळ्यांवर पारदर्शक चष्मा असावा. वेल्डिंगचा काळा नव्हे. शेजारी उभ्या असलेल्या लहान मुलांस दूर पाठवावे. शिकंजा लावून बोल्ट एवढाच आवळावा की सर्व काही टेकले आहे, आणि मग वाटीच्या माथ्यावर लाकडी हातोडीने एक हलकी थाप द्यावी. वर्षानुवर्षे रुतलेल्या पाचरी या थापेने मोकळ्या होतात, आणि वाटी वर असल्याने काही उडत नाही. त्यानंतर सावकाश फेऱ्या द्याव्यात. बोल्ट जड होत चालला पण टोपी हलत नाही असे दिसले, तर जोर न वाढविता बोल्ट सैल करून पुन्हा थाप द्यावी. टोपी खाली गेली की पाचरी खिडकीत उघड्या दिसतात. लोहचुंबक लावलेल्या पेचकसाने किंवा चिमट्याने त्या उचलाव्यात. मग बोल्ट उलटा फिरवीत स्प्रिंग पूर्ण मोकळी होऊ द्यावी, आणि नंतरच शिकंजा काढावा. एका झडपेचे सामान दुसरीत मिसळू नये. एका फळीवर खिळ्याने ‘आत’ आणि ‘बाहेर’ असे कोरून, त्या त्या बाजूस झडप, स्प्रिंग, टोपी व पाचरी मांडाव्यात.

स्प्रिंग हाती आली आहे तर ती आरशाच्या काचेवर उभी करून गुण्याला टेकवून फिरवावी. झुकलेली दिसली, किंवा तिची उंची इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेल्या उंचीहून कमी भरली, तर नवी घ्यावी. ताणून लांब केलेली स्प्रिंग परत बसविणारे मिस्त्री आहेत. तो उपाय दोन दिवसांचा. झडप घासण्याचा विषय मोठा आहे आणि तो पुढे कधीतरी घेऊ. तूर्त एवढेच की, घासून झाल्यावर मसाल्याचा कण न कण धुऊन काढावा आणि बैठकीवर सभोवार अखंड करडा पट्टा दिसला पाहिजे.

बसविताना हाच क्रम उलटा. गाईडमध्ये तेलाचा थेंब, झडप, स्प्रिंग, टोपी, आणि मग शिकंजा. पाचरींच्या आतल्या अंगास ग्रीसचे बोट लावले की त्या दांड्याच्या खाचेस चिकटून राहतात, आणि जेथे पूर्वी तिघे लागत तेथे एकट्याचे काम होते. दोन्ही पाचरी खाचेत समान बसल्या आहेत आणि त्यांमधल्या फटी सारख्या आहेत, हे दोन्ही खिडक्यांतून पाहावे. त्यानंतर बोल्ट अर्धी-अर्धी फेरी सैल करीत जावे. शिकंजा निघाल्यावर टोपीवर फडके टाकून, तोंड बाजूला ठेवून, दांड्याच्या टोकावर लाकडी हातोडीने दोन थापा द्याव्यात. एखादी पाचर नीट बसलेली नसेल तर ती आताच फडक्याखाली सुटेल, चालत्या इंजिनात नव्हे. चालत्या इंजिनात सुटली तर झडप थेट पिस्टनवर येते आणि खर्चाचा आकडा पाहून घरातले सर्वजण गप्प होतात.

हेड परत चढविल्यावर त्याचे नट पुस्तिकेतील क्रमाने व ताणाने आवळावेत. रॉकर आणि दांडा यांमधील फट पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणेच ठेवावी. मग डिकम्प्रेशनची कळ उघडी ठेवून फ्लायव्हील हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवावे. कोठे अडखळले नाही, काही आपटल्याचा आवाज आला नाही, म्हणजे हँडल मारावयास हरकत नाही.